शेवटून पहिला

रविवारची पहाट. सासवडच्या रस्त्यालगतच्या एका पटांगणात साठ-सत्तर सायकलस्वार थंडीने हात चोळीत उभे आहेत. कोणी चाकांत हवा भरीत आहे, कोणी पाठीवरचा क्रमांक दुसऱ्याकडून टाचून घेत आहे, कोणी घाईघाईने केळे संपवीत आहे. त्यांत विशीतली मुले आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, दूध घालून आलेला एक शेतकरी आहे आणि ५६ वर्षांचा, डोक्यावर विरळ केस उरलेला एक डॉक्टरही आहे. तो डॉक्टर म्हणजे मी.

वाचकहो, दवाखान्यात मी आपल्याला सल्ला देतो आणि आपण तो ऐकता, निदान ऐकल्यासारखे करता. आज मात्र सल्ल्याआधी माझी स्वतःची हकिकत सांगणार आहे. तीत अभिमान बाळगण्याजोगे थोडे आणि शिकण्याजोगे बरेच आहे.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, कसबा पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलवरून जात. पहिल्या पाळीला निघताना हँडलला डबा अडकवलेला असे आणि पावसाळ्यात अंगावर मेणकापडाचा कोट. मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या दिवशी ते आम्हा भावंडांना रस्त्याच्या कडेला उभे करीत. बोरघाटाची चढण सर्वांत आधी पार करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात, हे मला त्यांच्याच तोंडून कळले. पुढे मी डॉक्टर झालो, स्कूटर आली, मोटार आली आणि सायकल माळ्यावर गेली.

४८व्या वर्षी एका दुपारी दवाखान्यात रुग्ण नव्हते, म्हणून सहज स्वतःचा रक्तदाब मोजला. १५२/९६. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला, तिसऱ्या दिवशीही. आकडा हलला नाही. वजन ८४ किलो होते. समोरच्या खुर्चीत हेच आकडे घेऊन आपण बसला असतात, तर मी जे बोललो असतो, तेच त्या दिवशी स्वतःला ऐकवले. गोळी सुरू केली आणि एक जुनी गिअरची सायकल विकत घेतली.

पहिली शर्यत

पहिले सहा महिने मी खडकवासल्यापर्यंत जाऊन परत येई. घाई करीत नसे. त्या काळात मी पाळलेली कसोटी आपल्यालाही उपयोगी पडेल. व्यायाम करताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपतच दम लागावा. वाक्य मध्येच तुटू लागले तर वेग कमी करावा. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी ‘बीटा ब्लॉकर’ गटातील गोळ्या घेणाऱ्यांना ही कसोटी विशेष महत्त्वाची आहे. त्या गोळ्यांमुळे नाडीची गती श्रमाच्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातील आकड्यावर विसंबता येत नाही.

वर्षभराने एका स्थानिक शर्यतीत नाव दिले. अंतर ४० किलोमीटर, गट ४५ वर्षांवरील. सुरुवातीच्या आवेशात मी तरुणांच्या घोळक्यामागे सुटलो. आठव्या किलोमीटरला छाती भात्यासारखी हलू लागली, वीसाव्याला पायांतले त्राण गेले आणि शेवटच्या चढावर सायकल हातात धरून चालावे लागले. अंतिम रेषेवर पोहोचलो तेव्हा स्वयंसेवक कमान उतरवीत होते. त्यांनी काम थांबवून टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर अण्णांनी विचारले, “तुझ्यामागे किती जण होते?”

“फक्त रुग्णवाहिका.”

“मग शेवटून पहिला आलास म्हणायचा,” असे म्हणून ते मनापासून हसले.

रस्त्याने शिकवलेले धडे

नंतरच्या शर्यतींत मला तीन गोष्टी उमगल्या. त्या केवळ सायकलस्वारांच्या नाहीत, म्हणून त्या येथे सांगतो.

पहिली गोष्ट खाण्यापिण्याची. स्नायूंत साठलेली साखर जोराच्या श्रमात साधारण दीड-दोन तास पुरते. ती संपली की पाय अचानक जड होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून भूक लागण्याआधी खावे आणि तहान लागण्याआधी प्यावे, हा रस्त्यावरचा नियम आहे. मी खिशात खजूर आणि राजगिऱ्याच्या वड्या ठेवतो. उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते, त्यामुळे घरातल्या वृद्धांनाही हाच नियम लागू पडतो. ‘तहान लागली की मागतील’ असे समजून न राहता पाण्याचा पेला ठरावीक वेळी हाती द्यावा. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

दुसरी गोष्ट वेगाची. चढाच्या पायथ्याशी जो धावतो, तो माथ्याशी थांबतो. दिवे घाटात हे मी अनेकदा अनुभवले. हलका गिअर टाकून, दहाजण पुढे गेले तरी जाऊ देऊन, स्वतःच्या श्वासाच्या लयीत चढत राहिले, की त्यांपैकी चार-पाच जण वर भेटतातच.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. सपाट रस्त्यावर वेगात जाताना सायकलस्वाराची बहुतांश शक्ती वारा कापण्यात खर्च होते. पुढच्याच्या चाकामागे जवळ राहिल्यास श्रम सुमारे पाव ते एक तृतीयांशाने वाचतात. म्हणून जाणते गट पाळी लावतात. पुढचा काही वेळ वारा अंगावर घेतो, मग बाजूला होऊन मागे येतो आणि दुसरा पुढे होतो. एकालाच सतत पुढे ठेवले तर तो थकतो आणि त्याच्याबरोबर सगळा गटच मंदावतो. हा धडा घरात वापरायला मला फार उशीर लागला.

वळणावरची खडी

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ८४व्या वर्षी, अण्णा रात्री लघवीला उठले आणि न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले. अर्धा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांना बसवले, तिसऱ्या दिवशी वॉकरच्या आधाराने उभे केले. घरी आल्यावर त्यांना सकाळ-संध्याकाळ उठवणे, न्हाणीघरात नेणे, उंच खुर्चीवर बसवणे हे काम माझ्याकडे होते. उरलेला सारा दिवस माझी पत्नी सांभाळी.

शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या महिन्यात एक शर्यत होती. ‘जाऊन ये, मोकळे वाटेल,’ असे पत्नीनेच सुचवले. त्या दिवशी पाय उत्तम चालत होते. शेवटच्या दोन किलोमीटरला मी माझ्या गटात बाराव्या क्रमांकावर होतो आणि पुढचा स्पर्धक हाताच्या अंतरावर होता. पुढे डावे वळण होते आणि वळणावर खडी पसरलेली होती. ती मला दिसली. ब्रेक दाबायला पुरेसा वेळही होता. मी तो दाबला नाही.

डाव्या खांद्याजवळचे गळपट्टीचे हाड मोडले. हात झोळीत गेला. सहा आठवडे वजन उचलायचे नाही, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी बजावले. संध्याकाळी घरी आलो तेव्हा अण्णा पलंगाच्या कडेवर बसून होते. त्यांना उठवण्यासाठी मी सवयीने पुढे झालो आणि थांबलो. पत्नीने एकटीने त्यांना उठवले. चौथ्या दिवशी तिची कंबर धरली.

अण्णा मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “पडण्याचं काही नाही रे. मीही पडलो. पण मी न्हाणीघरात पडलो, तू कितव्या नंबरासाठी पडलास?”

अकराव्या. ते मला मोठ्याने उच्चारता आले नाही.

त्या सहा आठवड्यांत मला पुष्कळ काही दिसले. तीन महिने माझी पत्नी एकटीच वारा अंगावर घेत होती आणि मी तिच्या चाकामागे आरामात चाललो होतो. तिची थायरॉईडची तपासणी राहिली होती, झोप तुटक होती, आणि दवाखान्यात शंभर जणांना ‘स्वतःची काळजी घ्या’ म्हणणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता. मग आम्ही पाळी लावली. दिवसा चार तासांसाठी एक मदतनीस ठेवला, धाकट्या बहिणीने शनिवार-रविवार वाटून घेतला, आणि पत्नीची रोजची संध्याकाळ तिची स्वतःची झाली.

दोन सायकली, एक खोली

फिजिओथेरपिस्टने अण्णांसाठी खुर्चीसमोर ठेवण्याचे पायडल आणायला सांगितले. शल्यचिकित्सकांची परवानगी घेतली, कारण अशा शस्त्रक्रियेनंतर खुबा ९० अंशांपेक्षा अधिक वाकू द्यायचा नसतो. म्हणून खुर्ची उंच, चाके नसलेली आणि पाठीमागे भिंत असलेली निवडली. महिनाभराने मला स्थिर सायकल चालवण्याची मुभा मिळाली. ती मी त्याच खोलीत मांडली. झोळीतला हात घेऊन मी एकीकडे आणि अण्णा दुसरीकडे. पहिल्या दिवशी ते तीन मिनिटांत थांबले. महिनाअखेर बारा मिनिटांवर आले. “तुझ्यामागे मी आहे हं,” असे ते मला बजावीत.

पायडल फिरवण्याने सांधे मोकळे होतात, मांड्यांत बळ येते. परंतु सायकलवर शरीराचा भार हाडांवर पडत नाही, म्हणून हाडांच्या बळकटीसाठी ती एकटी अपुरी पडते. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, चालणे, आधार धरून टाचा उचलणे यांची जोड हवीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि किमान तीन दिवस तोल व बळ वाढवणारे प्रकार करावेत. जमत नसेल तर जमेल तेवढे करावे. थोडासा व्यायामही अजिबात न करण्यापेक्षा बरा.

वय झाल्यावर शरीर सुधारत नाही, असे मानणाऱ्यांना मी फ्रान्सच्या रॉबेर मार्शां यांचे उदाहरण देतो. २०१२मध्ये, वयाच्या १००व्या वर्षी, त्यांनी धावपट्टीवर तासाभरात २४.२५१ किलोमीटर सायकल चालवली. दोन वर्षांनी, १०२व्या वर्षी, २६.९२७ किलोमीटर. शंभरी ओलांडल्यावरही सरावाने त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढल्याचे तपासणीत आढळले. लंडन आणि बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी ५५ ते ७९ वर्षांच्या १२५ हौशी सायकलस्वारांचा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचे स्नायू आणि रोगप्रतिकारक पेशींची निर्मिती वयाच्या मानाने उत्तम टिकून असल्याचे त्यात दिसले. हे लोक वर्षानुवर्षे सायकल चालवणारे होते, हे मात्र विसरू नये.

आपण सायकल काढणार असाल तर

साठीनंतर सायकल सुरू करताना रक्तदाब, साखर आणि डॉक्टरांच्या मते गरज असल्यास हृदयाची तपासणी करून घ्या. छातीत दाब, जबडा वा डाव्या हातात दुखणे, नेहमीपेक्षा अधिक धाप, चक्कर, छातीत धडधड यांपैकी काहीही जाणवले तर त्याच जागी थांबा. ‘पित्त असेल’ म्हणून पुढे जाऊ नका, लगेच रुग्णालय गाठा.

इन्सुलिन किंवा साखर झटकन उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात आणि त्यानंतर काही तासांनीही, अगदी रात्री झोपेतही, खाली जाऊ शकते. सोबत साखर वा ग्लुकोज ठेवा आणि गोळ्यांच्या वेळांविषयी आधी बोलून घ्या. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या असतील तर उन्हात निघू नका. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी रुग्णालयात जा. तोल जात असेल, नजर अधू असेल, तर रस्त्याचा हट्ट सोडा; घरातली स्थिर सायकल पुरेशी आहे. बैठक अशी ठेवा की पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील.

मी शर्यती सोडल्या नाहीत. मात्र शेवटच्या दोन किलोमीटरला घोळका दाटू लागला की मी बाजूला होतो आणि एकटा सावकाश येतो. माझी गोळी सुटलेली नाही, तिची मात्रा निम्मी झाली आहे. अण्णा आता ८६ वर्षांचे आहेत. वॉकर घेऊन ओसरीपर्यंत येतात. शर्यतीच्या दिवशी घाट उतरलो की फोन करायचा, असा त्यांचा दंडक आहे. मागच्या खेपेस फोन केला तेव्हा त्यांनी क्रमांक विचारलाच नाही.

“वळणावर खडी होती का?” एवढेच विचारले.

“होती, अण्णा.”

“ब्रेक दाबलास?”

“दाबला.”

“मग ये सावकाश. चहा टाकायला सांगतो.”