मिहान, गेम आणि कामाचे तास

नागपूरच्या विमानतळाला लागून, शिवणगाव-खापरीसारख्या गावांच्या जमिनीवर वसलेल्या मिहान प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची प्रशस्त आवारे असली, तरी युबिसॉफ्टसारख्या व्हिडिओ गेम घडवणाऱ्या बड्या कंपनीचा स्टुडिओ पुण्यात आहे. मात्र गेम असो वा बँकेची संगणकप्रणाली, मुदत गाठण्यासाठी माणसाचे किती तास घ्यावेत, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. गेम बाजारात येण्याआधी कित्येक आठवडे चालणाऱ्या, अनेकदा बिनमोबदल्याच्या जादा कामाला या व्यवसायात ‘क्रंच’ म्हणतात. त्याची झळ चाचणी घेणाऱ्यालाही बसते: पात्राचा पाय भिंतीत रुततो का, हे पाहण्यासाठी तो एकाच भिंतीवर दर वेळी निराळ्या कोनातून पुन्हापुन्हा धडकतो आणि प्रत्येक चूक नोंदवतो, याला खेळणे म्हणायचे, तर आचाऱ्याच्या चव घेण्यालाही जेवण म्हणावे लागेल. २००४ मध्ये अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने हे हाल जाहीरपणे मांडले, त्याच सुमारास कज्जेही उभे राहिले आणि २००६ पर्यंत कंपनीला तडजोडीपोटी सुमारे ३ कोटी डॉलर मोजावे लागले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने जादा कामाला दुप्पट वेतन ठरवले, पण व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी वा गोपनीय स्वरूपाची पदे त्यातून वगळली. त्यामुळे हुद्द्यात ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ आले की खरी देखरेख कोण करतो आणि रात्री दहापर्यंत कोड कोण लिहितो, हे तपासणे भाग पडते.