पदवीच्या नांग्या वेळेवर भरा



ऊस विकास विभागाच्या या पानावर बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडवा व्यवस्थापन हेच विषय आपण वाचत आलात. या खेपेस वाट थोडी वाकडी करतो. कारण असे की, गटात फिरताना बांधावर उसाइतकीच चर्चा हल्ली मुलांच्या कॉलेजची निघते. आपल्यापैकी कित्येकांची मुलं-मुली मुंबईस, त्यातही वांद्र्यास शिकायला आहेत. फी उसाच्या बिलातून जाते. खोलीचं भाडं आणि खाणावळ दर महिन्याला वेगळी. आणि फोनवर विचारलं तर उत्तर येतं, "पास झालो, फक्त एक केटी लागलीय." ही केटी म्हणजे काय, तिचं ओझं किती आणि ती कधी फेडायची, हे बापाला ठाऊक नसतं. पुष्कळदा पोरालाही नसतं.

वांद्र्याची वाट

वांद्रे हे काही फक्त सिनेनटांच्या बंगल्यांचं ठिकाण नव्हे. लिंकिंग रोडवरचं नॅशनल कॉलेज मूळचं सिंध हैदराबादचं. 1922 मध्ये तिथं निघालं, फाळणीनंतर 1949 मध्ये वांद्र्यास पुन्हा उभं राहिलं. थडोमल शहानी अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 चं आणि बँडस्टँडजवळचं फादर कॉन्सेसाव रॉड्रिग्ज अभियांत्रिकी महाविद्यालय 1984 चं. ही वर्षे लक्षात घ्या. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना राज्यात परवानगी मिळाली ती 1983 मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. सांगलीचा सहकारी साखर कारखाना उभारणारे तेच दादा. तेव्हा शेतकऱ्याच्या पोरानं इंजिनिअर होण्याची ही वाट सहकाराच्या माणसानंच मोकळी केली आहे. त्या वाटेचे नियम समजून घेणं आपल्याला जड जायचं कारण नाही.

श्रेयांक म्हणजे काय?

पूर्वी सगळ्या विषयांची बेरीज करून टक्केवारी काढत. आता प्रत्येक विषयाला वजन असतं, त्याला श्रेयांक किंवा क्रेडिट म्हणतात. विषयात मिळालेल्या श्रेणीला 0 ते 10 असे गुण असतात. नापासाला 0, काठावर पास झाल्यास 4, बी प्लसला 7 आणि सर्वोच्च श्रेणीला 10. श्रेणीगुणाला श्रेयांकाने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचं. आपण क्षेत्राला एकरी उताऱ्याने गुणून साऱ्या रानाची सरासरी काढतो, तोच हा हिशेब. चार एकराचा फड पडला तर सरासरी जास्त ढासळते आणि अर्ध्या एकराचा पडला तर कमी, तसंच इथं.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे कला, वाणिज्य, विज्ञान शाखांत तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 श्रेयांक आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला 160 ते 176 श्रेयांक ठरले आहेत. राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत हे 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून सुरू झालं. मुंबई विद्यापीठात सत्राला 22 श्रेयांक धरले, तर सहा सत्रांचे 132 होतात.

एका केटीनं किती नुकसान?

कागद-पेन्सिल घेऊन बसू. एका सत्रात सगळ्या विषयांत बी प्लस मिळालं, तर 22 गुणिले 7 म्हणजे 154, भागिले 22, सरासरी 7. आता त्यातला चार श्रेयांकांचा एक विषय गेला. बेरीज 126 वर आली, सरासरी 5.73. मुलानं तो विषय पुन्हा दिला आणि नुसता काठावर निघाला, तर बेरीज 142 आणि त्या सत्राची सरासरी 6.45.

आता हेच सहा सत्रांच्या 132 श्रेयांकांत पाहा. बी प्लस हुकून तिथं काठावरची श्रेणी आली, म्हणून एकंदर सरासरीत घट पडते ती केवळ 0.09 ची. म्हणजे 7 च्या जागी 6.91. एवढ्यानं कुणाचं आयुष्य बुडत नाही. पण तोच विषय सोडवलाच नाही, तर बाकीचे 128 श्रेयांक हातात असूनही पदवी मिळत नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच: कमी श्रेणी थोडं नुकसान करते, रिकामा राहिलेला विषय सगळं अडवून धरतो.

प्रत्येक खण भरायला हवा

दुसरी गोष्ट मुलांच्याही ध्यानात येत नाही. नुसती बेरीज 132 झाली म्हणजे काम झालं असं नव्हे. मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प असे वेगवेगळे खण आहेत. एका खणातलं जास्तीचं दुसऱ्यात ओतता येत नाही. नत्र दुप्पट टाकलं म्हणून पालाशची उणीव भरून निघत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. दोन श्रेयांकांचा "सोपा" म्हणून सोडलेला विषय शेवटच्या वर्षी आडवा येतो तो असा.

केटी कधी फेडावी?

उसात नांग्या भरायच्या त्या लागणीनंतर महिनाभराच्या आत. पुढं भरलेलं रोप शेजारच्या उसाच्या सावलीत राहतं, फुटवा धरत नाही. केटीचंही तसंच आहे. पुढल्या सत्राचा अभ्यास वाढत जातो आणि मागचा विषय त्याच्या सावलीत खुरटतो.

शिवाय नियमांचे बांध आहेत. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत पहिल्या दोन सत्रांचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश नाही, हा चालत आलेला दंडक. त्यात अडकला की अख्खं वर्ष घरी. दुसरा धोका अभ्यासक्रम बदलण्याचा. याच विद्यापीठात अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम 2012, 2016 आणि 2019 मध्ये बदलला. रेंगाळलेला विषय जुन्या अभ्यासक्रमाचा असला तर त्याची पुस्तकं, शिकवणारे आणि सोबती सगळेच पांगलेले असतात.

पुन्हा परीक्षेला बसायचं तर वेगळा अर्ज आणि वेगळी फी लागते, आणि तारीख चुकली की एक सत्र गेलं. अंतर्गत परीक्षेत उडाला की लेखी परीक्षेत, हेही पाहायला हवं, कारण अनेक अभ्यासक्रमांत दोन्हीकडे स्वतंत्र पास व्हावं लागतं. पास झालेला विषय श्रेणी वाढवण्यासाठी पुन्हा देता येतो का, हे त्या-त्या अभ्यासक्रमाच्या नियमांवर आहे. बरीच महाविद्यालये स्वायत्त झाल्यानं शेजारच्या कॉलेजचा नियम आपल्याला लागू होईलच असं नाही. मित्राच्या सांगण्यावर न जाता कॉलेजच्या परीक्षा विभागातूनच लेखी नियम घ्यावा.

पावत्या जपा

काट्यावरची पावती हरवली तर बिलाच्या वेळी काय धांदल उडते, ते आपण जाणता. 2017 साली मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्महिने रखडले. त्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. पण ज्या मुलांचे पुढचे प्रवेश लांबले, त्यांचे दिवस काही परत आले नाहीत. म्हणून प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, हॉल तिकीट, फीची पावती आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज एका फाईलला लावून ठेवावा. सोबत एक वही करावी. डाव्या पानावर खणवार लागणारे श्रेयांक, उजव्या पानावर मिळालेले. दर निकालानंतर बापलेकांनी किंवा मायलेकींनी ती दोन पानं जुळवून पाहावीत. दहा मिनिटांचं काम आहे.

जो मध्येच घरी आला त्यासाठी

काही मुलं वर्ष-दोन वर्षांनी शिक्षण सोडून गावी आली आहेत. त्यांच्यासाठी जुलै 2021 पासून केंद्राची श्रेयांक बँक आहे. त्यात नाव नोंदवून जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त 7 वर्षे राहतात. ठरलेल्या अटी पुऱ्या केल्या तर पहिल्या वर्षावर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षावर पदविका मिळते, आणि पुढं शिक्षण जोडूनही घेता येतं. मात्र आपले श्रेयांक खरंच जमा झाले आहेत का, हे खातं उघडून पाहावं.

शेवटी पालकांना एक विनंती

पोरगं केटी लपवतं ते आळसापेक्षा भीतीनं. "एवढा ऊस घातला तुझ्या शिक्षणात" हे वाक्य ऐकायला लागेल म्हणून ते बोलत नाही, आणि न बोललेली एक केटी पुढल्या सत्रात तीन होतात. कधी कधी तर पोर जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या विचारापर्यंत जातं. तेव्हा पहिला प्रश्न "का उडाला?" असा नको. "परीक्षेचा अर्ज कधी भरायचा आहे?" असा असावा. वर केलेला 0.09 चा हिशेब त्याला दाखवा. त्यानंतर अभ्यासाचं काय ते बोला.

हंगाम सुरू होण्याआधी ऊसनोंदीसाठी गट कार्यालयात याल, तेव्हा ज्यांना हवा असेल त्यांनी खणवार वहीचा नमुना मागून घ्यावा. आम्ही तो आखून ठेवला आहे.

— ऊस विकास अधिकारी