लॉस एंजेलिसमध्ये लोकल वाढेल का?

मोटारींचे शहर म्हणून जगभर प्रसिद्ध असलेल्या लॉस एंजेलिसमध्ये एकेकाळी ‘रेड कार’ या विजेच्या गाड्यांचे हजार मैलांहून मोठे जाळे होते. मोटारी वाढल्या, रस्त्यांवरून धावणाऱ्या या गाड्या त्यांच्याच गर्दीत अडकू लागल्या आणि १९६१ मध्ये लाँग बीचची शेवटची रेड कारही बंद पडली.

उपनगरी रेल्वे परतली ती १९९२ मध्ये, ‘मेट्रोलिंक’ या नावाने. बहुतेक रूळ मात्र जुनेच, मालगाड्यांचे.

१७ जानेवारी १९९४ रोजी नॉर्थरिजच्या भूकंपात उत्तरेकडच्या महामार्गांचे पूल कोसळले. काही दिवसांतच मेट्रोलिंक थेट लँकेस्टरपर्यंत धावू लागली आणि एरवी स्टीअरिंग न सोडणाऱ्यांनी डबे भरून गेले. महामार्ग दुरुस्त होताच त्यांतले बहुतेक जण मोटारीकडे वळले. इथल्या माणसाला मोटारीचे वेडच आहे, हे नेहमीचे उत्तर इथे लंगडे पडते. जे लवकर पोचवते, त्यात तो बसतो.

आज हे जाळे पाचशे मैलांहून मोठे आहे. कमी आहेत त्या फेऱ्या. कित्येक ठिकाणी मार्ग एकेरी, त्यामुळे समोरून गाडी येणार असेल तर दुसरीने खोळंबायचे. जिथे रूळ मालगाडी कंपनीच्या मालकीचे, तिथे तिच्या सोयीनेही चालावे लागते. शिवाय १९३९ चे युनियन स्टेशन, म्हणजे शहराचे मुख्य स्थानक, पडले शेवटचे टोक: आलेली गाडी उलट फिरूनच बाहेर पडते. (चर्चगेटलाही रूळ संपतातच, पण तिथे लोकल काही मिनिटांत परत निघते.) स्टेशनातून रूळ आरपार नेणे आणि एकेरी मार्ग दुहेरी करणे, यांसाठी २०१८ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलरचा आराखडा पुढे आला. शहरात होणाऱ्या २०२८ च्या ऑलिंपिकपूर्वी तो सगळा पूर्ण होणे शक्य नाही.

दरम्यान, कोविडनंतर घरून काम करणारे वाढले आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारा हुकमी प्रवासी आटला. म्हणून ऑक्टोबर २०२४ च्या नव्या वेळापत्रकात गर्दीच्या वेळेबाहेरच्या फेऱ्याही वाढल्या. हे शहाणपण थोडे उशिरा सुचले, एवढेच.

बऱ्याच स्थानकांभोवती मात्र अजून वस्ती कमी, पार्किंग जास्त. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये स्थानकांजवळ उंच इमारतींना वाट मोकळी करणारा कायदा केला खरा, पण उपनगरी रेल्वेचे स्थानक त्यात बसायचे तर तिथे आधी पुरेशा गाड्या थांबायला हव्यात.