परदेशांत दुसऱ्याच्या घरीं

आपल्या शाळांतून बाहेर पडलेल्या मुलांपैकीं कांहीं पुढें उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जातात. जाण्यापूर्वीं प्रवासाचा खर्च, उबदार कपडे, शिक्षणाची फी ह्यांची चर्चा घरोघर होते; परंतु तेथें कोणाच्या घरीं राहावयाचें व त्या घरच्या मंडळींशीं वागावें कसें, हा विचार बहुधा मागें पडतो. एखाद्या कुटुंबांत पैसे देऊन राहण्याची रीति इंग्लंडांत जुनी आहे. आठवड्याचा ठरलेला आकार द्यावा, एक खोली घ्यावी व घरच्यांबरोबर एकाच मेजावर जेवावें, असा तिचा प्रकार. खानावळींत केवळ अन्न विकत मिळतें. येथें अनोळखी माणसांचें सगळें घरच वांटून घ्यावें लागतें. ह्यांतील खरी अडचण कोठें उद्भवते, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून ध्यानांत येईल.

मोहनदास गांधी १८८८ सालीं सप्टेंबरच्या ४ तारखेस मुंबईहून विलायतेस निघाले, तेव्हां त्यांस १९ वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. मद्यमांसास शिवणार नाहीं, असें वचन त्यांनीं मातोश्रींस दिलें होतें. लंडनांत डॉक्टर प्राणजीवन मेहता ह्यांनीं त्यांस समजाविलें कीं, येथील राहणीचा अनुभव घेणें हाच येण्याचा मोठा लाभ असून तो कुटुंबांत राहिल्यावांचून मिळत नाहीं. दुसऱ्याच्या वस्तूस हात लावूं नये, पहिल्याच भेटींत खासगी प्रश्न विचारूं नयेत, मोठ्यानें बोलूं नये, हे धडेही डॉक्टरांनींच दिले. त्यास निमित्तही तसेंच घडलें होतें. गांधींनीं त्यांची उंच टोपी सहज हातीं घेऊन तिची लव उलटी फिरविली होती!

पुढें वेस्ट केन्सिंग्टन भागांत एका विधवा बाईंच्या घरीं त्यांची सोय झाली. गांधींनीं आपलें व्रत बाईंस प्रथमच सांगितलें व त्यांनींही काळजी घेण्याचें मान्य केलें. तरीही मुलगा उपाशी राहूं लागला!   तेथील अन्न त्यांस बेचव लागे.  बाईंच्या दोन मुली पावाचे एक-दोन काप आग्रहानें अधिक देत. पण ह्या पाहुण्याची भूक अख्ख्या पावाखेरीज भागणारी नव्हती, हें त्यांस कसें कळावें? आणि मागावयाची तर ह्यांस लाज!

येथें दोष कोणास द्यावा? बाई मायाळू होत्या, मुली सुस्वभावी होत्या, मुलगा तर सत्यनिष्ठच. आपण काय खात नाहीं, हें सांगितलें गेलें होतें. काय खातों व किती खातों, हें अनुक्तच राहिलें. त्यांतून आपल्याकडील रीत निराळी. आपण पाहुण्यास 'नको, नको' म्हणूं देतों आणि तरीही वाढतों. त्याचा नकार कोणी खरा मानीत नाहीं. विलायती मेजावर एकदां 'नको' म्हटलें, कीं तें खरें मानण्यांतच पाहुण्याचा मान समजतात. आपलीं मुलें ही आग्रहाची संवय घेऊन जातात व मुकाट्यानें भुकेलीं राहतात. यजमानांस वाटतें, पाहुणा तृप्त आहे!

शाकाहारी उपाहारगृहें शहरांत आहेत, हें अखेर त्या बाईंनींच सांगितलें. गांधी रोज दहा-बारा मैल पायीं भटकत, आणि एके दिवशीं फॅरिंग्डन स्ट्रीटवर तसें एक गृह त्यांस सांपडलें. विलायतेस आल्यापासून तेथें ते प्रथमच पोटभर जेवले.

पैशाचीही एक बाजू आहे. कुटुंबांत राहिल्यास आठवड्याचें बिल चुकत नाहीं. बाहेर जेवलें तरी त्यांतून कांहीं वजा होत नाहीं. घरच्या मंडळींस मधूनमधून बाहेर जेवावयास नेण्याचा शिष्टाचार पाळावा लागतो, तो निराळाच. हा हिशेब मांडून गांधींनीं पुढें स्वतंत्र खोल्या घेतल्या.

ह्याच्या पांच वर्षें आधीं, १८८३ च्या जून महिन्यांत, आपल्या आनंदीबाई जोशी वयाच्या १८ व्या वर्षीं एकट्या अमेरिकेंत उतरल्या. न्यूजर्सी प्रांतांतील रोझेल येथें मिसेस कार्पेंटर ह्यांच्या घरीं त्या प्रथम राहिल्या. तेथें त्यांनीं लुगडें सोडलें नाहीं, शाकाहार सोडला नाहीं, आणि यजमानीणबाईंस त्या मावशी मानूं लागल्या. हें इतकें सुलभ कां झालें? माझ्या मतें त्याचें कारण टपालांत आहे. मिसेस कार्पेंटर ह्यांनीं १८८० सालीं एका मासिकांत गोपाळराव जोशांचें पत्र वाचून आपण होऊन पत्र धाडलें होतें, व तेव्हांपासून दोघींचा पत्रव्यवहार चालू होता. धर्म, रूढि, स्त्रियांची स्थिति ह्यांविषयींचे प्रश्न विचारून झाले होते. ज्या पालकांचीं मुलें जावयाचीं आहेत, त्यांनीं यजमानांस एखादें लांब पत्र आधींच लिहावयास लावलें, तर किती उपवास वांचतील!

डॉक्टरची पदवी घेऊन आनंदीबाई १८८६ सालाच्या अखेरीस परत आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत निवर्तल्या. त्यांची रक्षा मिसेस कार्पेंटर ह्यांजकडे पाठविण्यांत आली. न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी गांवीं, दफनभूमींतील त्या कुटुंबाच्या जागेंत, ती ठेविलेली आहे.