धूर कुणाच्या खात्यात?

कार्बन डायऑक्साइड सोडण्यात चीन पहिला, अमेरिका दुसरी, भारत तिसरा. बातमी बहुधा इथंच संपते. पण बारा माणसांच्या घराचं वीजबिल दोघांच्या फ्लॅटपेक्षा जास्त आलं, म्हणून ते घर उधळं ठरतं का? माणशी भागाकार करा: वर्षाला भारतीय सुमारे २ टन, चिनी ८, अमेरिकी १४.

त्यातही मेख आहे. देशात किती कोळसा, तेल, वायू जळला, यावरून हा आकडा काढतात. त्यामुळे चीनमध्ये बनलेला फोन पुण्यात वापरला, तरी कारखान्याचा धूर चीनच्याच नावावर! शिवाय कार्बन डायऑक्साइड हवेत शतकानुशतकं रेंगाळतो, म्हणून जुनं उत्सर्जनही मोजायला हवं. १७५० पासूनच्या बेरजेत जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे.