व्हॉल्व्ह फिरवणारे यंत्र म्हातारे होते तेव्हा

९ जून १९८५. अमेरिकेच्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठावरच्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात मध्यरात्र उलटून दीड तास झाला होता. बाष्पजनित्रांना पाणी पुरवणारा एक मुख्य पंप बंद पडला, अणुभट्टी आपोआप थांबली आणि थोड्याच वेळात दुसऱ्या मुख्य पंपाचा पुरवठाही गेला. अशा वेळी राखीव पाणी सुरू व्हायला हवे. पण घाईत चुकीची बटणे दाबली गेली आणि राखीव पाण्याच्या वाटेवरचे व्हॉल्व्ह बंद झाले. चूक लगेच लक्षात आली, बटणे पूर्ववत झाली, तरी दोन व्हॉल्व्ह परत उघडेनात. राखीव पंपांच्या टर्बाइनही अतिवेगाने फिरून बंद पडल्या होत्या. शेवटी कर्मचारी धावत खाली गेले आणि त्यांनी हाताने व्हॉल्व्ह उघडले. सुमारे १२ मिनिटे बाष्पजनित्रांना पाणी मिळाले नव्हते. अणुभट्टीच्या गाभ्याला इजा झाली नाही, ते या माणसांच्या धावपळीमुळे.

चौकशीत जे निघाले ते व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवलेल्या यंत्राशी, म्हणजे ॲक्चुएटरशी संबंधित होते. मोटर जळलेली नव्हती आणि व्हॉल्व्ह तुटलेला नव्हता. जोर प्रमाणाबाहेर गेला की मोटर थांबवणारा टॉर्क स्विच अशा विद्युत ॲक्चुएटरमध्ये असतो. बंद व्हॉल्व्ह जागचा हलवताना पहिल्या क्षणी जास्त जोर लागतो, म्हणून तेवढ्यापुरता हा स्विच बाजूला ठेवायची सोय असते. या दोन व्हॉल्व्हवर ती सोय नीट जुळवलेली नव्हती. दोन्ही बाजूंच्या दाबात मोठा फरक पडला, उघडायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागला आणि स्विचने मोटर थांबवली. स्विचने सांगितलेले काम केले होते. त्याला काय सांगायचे हेच चुकले होते.

या घटनेनंतर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने आधी १९८५ मध्ये सूचना काढली आणि मग जून १९८९ मध्ये ८९-१० क्रमांकाचे पत्र सगळ्या अणुवीज केंद्रांना धाडले. प्रत्येक महत्त्वाच्या विद्युतचालित व्हॉल्व्हला खऱ्या आणीबाणीच्या दाबाखाली किती जोर लागेल ते तपासा, ॲक्चुएटर तेवढा समर्थ आहे का पाहा आणि स्विचची जुळणी त्यावरून ठरवा, असे त्यात म्हटले होते. त्या निमित्ताने झालेल्या चाचण्यांत आणखी एक गोष्ट उघड झाली. गेट व्हॉल्व्हला लागणाऱ्या जोराचे गणित करताना अभियंते वर्षानुवर्षे ०.३ हा गुणांक धरत आले होते. प्रत्यक्षात अनेक व्हॉल्व्हना त्याहून जास्त जोर लागत होता.

जुने ॲक्चुएटर बदलण्याचे काम समजून घ्यायचे तर सुरुवात इथून करावी लागते. कारण हे काम वरवर पाहता फार सोपे दिसते: चार बोल्ट सोडवा, जुने उतरवा, नवे चढवा. त्या यंत्राला नेमके काय करायचे आहे हा प्रश्न मात्र या चार बोल्टांत सुटत नाही.

यंत्र कसे चालते

रिफायनरी, खत कारखाना, औष्णिक वीज केंद्र किंवा पाणीशुद्धीकरण केंद्र, कुठेही गेलात तरी नळांच्या जंगलात हजारो व्हॉल्व्ह दिसतात. ज्यांना दुरून किंवा आपोआप हलवायचे, त्यांच्यावर ॲक्चुएटर असतो. हवेवर चालणारा ॲक्चुएटर साधारण ५ ते ७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाच्या स्वच्छ, कोरड्या हवेवर काम करतो. हवा रबरी डायफ्रामला किंवा पिस्टनला ढकलते आणि समोरची स्प्रिंग दाबली जाते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि व्हॉल्व्ह ठरलेल्या दिशेला जातो. भट्टीकडे जाणाऱ्या इंधनवायूचा व्हॉल्व्ह हवा गेल्यावर बंद झाला पाहिजे. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बहुतेक ठिकाणी उघडा पडला पाहिजे. ही दिशा ठरवणे म्हणजे संकटात कारखाना कसा वागेल हे आधीच ठरवणे असते, आणि ते ठरवलेले स्प्रिंगच्या बसवणीत साठवलेले असते.

विद्युत ॲक्चुएटरमध्ये मोटर, वर्म गिअर आणि व्हॉल्व्हचा दांडा वरखाली नेणारी पितळी किंवा कांस्याची स्टेम नट असते. किती फिरले हे लिमिट स्विच सांगतो आणि किती जोर लागला हे टॉर्क स्विच. इंग्लंडच्या बाथमध्ये जेरेमी फ्राय यांनी १९५७ साली स्थापन केलेल्या रोटॉर्कसारख्या कंपन्यांनी या यंत्रांना पाण्यापासून जपणारी बांधणी रुळवली. झाकण न उघडता बाहेरून जुळणी करता येणारे ॲक्चुएटर १९९० च्या दशकात पसरले. ही सुधारणा मोठी होती, कारण पाणी बहुतेक वेळा उघडून नीट न लावलेल्या झाकणातून किंवा सैल केबल ग्लँडमधूनच आत शिरते.

म्हातारपण कसे येते

दिवसभर हलणारा कंट्रोल व्हॉल्व्ह बिघडला तर कंट्रोल रूममधल्या आलेखावर लगेच दिसतो. खरी काळजी वर्षानुवर्षे उघड्या अवस्थेत उभ्या असलेल्या शटडाऊन व्हॉल्व्हची असते. त्याचे काम आयुष्यात एखाद्या वेळीच येणार, आणि त्या वेळी ते काही सेकंदांत व्हायला हवे. उभ्या उभ्या पॅकिंग दांड्याला धरून ठेवते, सीटवर चिकट थर बसतो, ग्रीस घट्ट होते. व्हॉल्व्ह जागचा हलवायला लागणारा जोर वाढत जातो, त्याच वेळी ॲक्चुएटरची ताकद घटत असते. दोन रेषा एकमेकींकडे सरकत असतात आणि त्या कुठे भेटतील हे बाहेरून दिसत नाही.

ताकद घटते तिची कारणे साधी आहेत. डायफ्राम आणि ओ-रिंगचे रबर उष्णतेने कडक होते, मग चिरते. हवेच्या लाइनमध्ये ओल राहिली की सिलिंडर आतून गंजतो आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हची बारीक भोके तुंबतात. स्प्रिंग गंजून तुटते आणि बंद डब्यात तुटल्यामुळे कुणाला कळत नाही. मोटरच्या वाइंडिंगवरचे आवरण तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे आयुष्य गमावते, असा विद्युत अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. चंद्रपूरच्या मे महिन्यात, बॉयलरच्या शेजारी उभ्या असलेल्या ॲक्चुएटरला हा ठोकताळा चांगलाच लागू पडतो. तुर्भे (ट्रॉम्बे), उरण, थळ या किनाऱ्यावरच्या कारखान्यांत खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून बोल्ट, ग्लँड आणि स्विचचे संपर्क खातात.

सर्वांत फसवे झिजणे स्टेम नटचे. तिचे आटे हळूहळू पातळ होतात. एक दिवस मोटर फिरते, नट फिरते, लिमिट स्विच ‘बंद’ असा इशारा देतो आणि दांडा मात्र जागेवरच असतो. यंत्र काय करायला निघाले आणि व्हॉल्व्हने काय केले, यातली तफावत किती महागात पडते ते २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडमध्ये दिसले. दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि बंदच झाला नाही. पॅनेलवरचा दिवा मात्र सोलेनॉइडची वीज तुटली आहे एवढेच दाखवत होता. व्हॉल्व्ह बंद झाला असे कर्मचारी समजले. दोन तासांहून जास्त वेळ शीतक पाणी निसटत राहिले आणि गाभ्याचा काही भाग वितळला. म्हणून नवा ॲक्चुएटर बसवताना स्थितीचा संदेश शक्य तितका व्हॉल्व्हच्या दांड्याजवळून घ्यावा, आज्ञेच्या तारेवरून कधीही घेऊ नये.

बदलताना कुठे चुकते

पहिली चूक जुन्या नावपट्टीवरून नवा माल मागवण्याची. नावपट्टी सांगते की जुना ॲक्चुएटर किती जोर देऊ शकत होता. व्हॉल्व्हला आज किती जोर लागतो हे ती सांगत नाही. ते मोजावे लागते: जागचा हलताना, चालताना आणि सीटवर बसताना. त्यावर योग्य वाढ धरून आकार ठरतो. भीतीपोटी फार मोठा ॲक्चुएटर घेतला तर तो दांडाच पिळून तोडतो. दांड्याला सोसेल अशी एक कमाल मर्यादा असते आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्याकडून ती लेखी घ्यायला हवी. कमी पडणारा आणि जास्त होणारा, दोन्ही ॲक्चुएटर चुकीचेच.

दुसरी चूक जास्त धोकादायक आहे. हवेच्या कॉम्प्रेसरचा खर्च वाचवायचा म्हणून स्प्रिंगवाला ॲक्चुएटर काढून तिथे साधा विद्युत ॲक्चुएटर बसवला जातो. कागदावर तो जास्त आधुनिक दिसतो. पण वीज गेली की तो आहे तिथेच थांबतो. स्प्रिंगमध्ये साठवलेला निर्णय जुन्या डब्याबरोबर भंगारात जातो आणि कुणी तो निर्णय बदलला अशी नोंदही कुठे राहत नाही. विद्युत ॲक्चुएटरमध्येही स्प्रिंगची किंवा साठवलेल्या विजेची सोय मिळते, पण ती मुद्दाम मागावी लागते.

तिसरी चूक वेगाची. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९८ मध्ये दाखवले की वाहते पाणी एकदम थांबवले तर नळातला दाब उसळतो. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारे पाणी पोलादी नळात झटक्यात अडवले तर दाब सुमारे १२ किलोंनी वाढू शकतो. जुना ॲक्चुएटर ४० सेकंदांत व्हॉल्व्ह बंद करत असेल आणि नवा चपळपणे ८ सेकंदांत, तर ती चपळाई नळांचे आधार उखडू शकते. उलट इंधन तोडणारा व्हॉल्व्ह मंद झाला तर तेही चालणार नाही.

बाकीच्या अडचणी लोखंडाच्या आहेत, पण वेळ त्यांतच जातो. आज व्हॉल्व्ह आणि ॲक्चुएटर यांच्या जोडाला आयएसओ ५२११ हे मानक आहे, जुन्या यंत्रांचे जोड मात्र ज्याचे त्याचे. मग मधला ब्रॅकेट आणि कपलिंग बनवावे लागते. त्यात जरासा ढिलेपणा राहिला तर ॲक्चुएटर पूर्ण फिरतो आणि व्हॉल्व्ह थोडा उघडा राहतो. ज्वालाग्राही वायूच्या क्षेत्रात ॲक्चुएटर स्फोटरोधक प्रमाणित लागतो. आपल्याकडे त्यासाठी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची मान्यता पाहिली जाते. प्रमाणित ॲक्चुएटरला चुकीचा केबल ग्लँड लावला की प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. शिवाय दाबलेल्या स्प्रिंगचा सिलिंडर ठरलेल्या पद्धतीशिवाय उघडला, तर झाकण बंदुकीच्या गोळीसारखे सुटते. हे काम शिकलेल्या हातांनीच करायचे असते.

कुठून सुरुवात करायची

शेकडो ॲक्चुएटर एकदम बदलता येत नाहीत आणि बदलायची गरजही नसते. आधी प्लांटमधून पायी फिरून यादी करावी लागते, कारण कार्यालयातली ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष नळ बऱ्याचदा वेगळे निघतात. मग प्रत्येक व्हॉल्व्हबद्दल एकच प्रश्न: हा हलला नाही तर काय होईल? माणसांच्या जिवावर बेतेल तो पहिल्या गटात, उत्पादन थांबेल तो दुसऱ्या, हाताने फिरवून भागेल तो तिसऱ्या. वयाचा विचार यानंतर येतो. तिसऱ्या गटातला ४० वर्षांचा ॲक्चुएटर सील बदलून आणखी चालवता येतो. पहिल्या गटातला, सुटे भाग मिळेनासे झालेला १५ वर्षांचा ॲक्चुएटर मात्र रांगेत पुढे घ्यावा लागतो.

बदलण्याची संधी देखभालीसाठीच्या मोठ्या शटडाऊनमध्ये मिळते आणि तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो. म्हणून मापे आधी घ्यायची, ब्रॅकेट आधी बनवायचे, ॲक्चुएटर बाकावर चालवून पाहायचा. शक्य असेल तिथे आधी एकच बदलून काही महिने बघायचे. दोन शटडाऊनच्या मधल्या काळात शटडाऊन व्हॉल्व्ह साधारण १० ते २० टक्के हलवून परत आणायची चाचणी करता येते. त्यामुळे तो अडकलेला नाही एवढे कळते. तो पूर्ण बंद होऊन गळती रोखेल की नाही, हे त्यातून कळत नाही.

काढलेला जुना ॲक्चुएटर लगेच भंगारात टाकणे म्हणजे फुकट मिळणारे ज्ञान टाकणे. तो उघडून स्प्रिंग, आटे, रबर, ग्रीस पाहिले की त्याच वयाच्या, त्याच जागेवरच्या उरलेल्या भावंडांची स्थिती समजते. नव्याचा पहिल्या दिवसाचा आलेखही, म्हणजे दाब, जोर किंवा मोटरच्या करंटची रेघ, जपून ठेवायला हवा. पाच वर्षांनी पुन्हा काढलेली रेघ त्याच्याशी ताडून पाहिली तरच म्हातारपण किती आले ते मोजता येईल.

आणि माणसांना विचारायला हवे. कुठला व्हॉल्व्ह शेवटच्या दोन फेऱ्यांत अडतो, कुठल्याच्या हँडव्हीलला पाना लावावा लागतो, कुठल्या सोलेनॉइडमध्ये पावसाळ्यात पाणी येते, हे पाळीवरच्या ऑपरेटरला आणि इन्स्ट्रुमेंट फिटरला ठाऊक असते. त्याची नोंद क्वचितच कुठे असते. तुर्भ्याच्या दोन रिफायनऱ्या १९५४-५५ मधल्या, थळचा खत कारखाना १९८५ मधला. अशा कारखान्यांत माणसांच्या दोन-तीन पिढ्या येऊन गेल्या. फिटर निवृत्त होतो तेव्हा त्या व्हॉल्व्हचा इतिहासही त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जातो.

म्हणून माझे म्हणणे असे की ॲक्चुएटर बदलण्याच्या अंदाजपत्रकात यंत्राच्या किमतीइतकीच ठसठशीत एक रक्कम मोजणीसाठी आणि नोंदीसाठी असावी. प्रत्येक नव्या ॲक्चुएटरसोबत एक पान असावे: हा इथे कशासाठी आहे, हवा किंवा वीज गेली की कुठल्या दिशेला जाणार आणि का, किती जोर लागतो हे मोजून, किती सेकंदांत, आणि हे ठरवले कुणी. डेव्हिस-बेसीच्या त्या दोन व्हॉल्व्हवर यंत्रे होती, वीज होती, तरबेज माणसेही होती. या प्रश्नांची तपासलेली उत्तरे तेवढी नव्हती. पुढच्या शटडाऊनच्या खरेदीवर सही करणाऱ्याने आधी ते पान मागावे, आणि ते कोरे असेल तर सही थांबवावी.