बर्फावरची सतरा वर्षे

मैसूरजवळच्या कृष्णराजनगरात काय किंवा कोल्हापुरात काय, गोठलेले पाणी पाहायचे तर शीतकपाटच उघडावे लागते. त्यामुळे बर्फावर नृत्य करता येते आणि ऑलिंपिकमध्ये त्याची स्पर्धाही होते, याचे आपल्याला नवल वाटणे स्वाभाविक आहे. ‘आइस डान्स’ या नावाने ओळखला जाणारा हा क्रीडाप्रकार १९७६ पासून हिवाळी ऑलिंपिकमध्ये आहे.

यात पोलादी पात्यांचे बूट घालून एक स्त्री व एक पुरुष संगीताच्या तालावर बर्फावरून घसरत नृत्य करतात. जोडीदाराला हवेत फेकणे किंवा हात ताणून डोक्यावर उचलणे येथे निषिद्ध असते. म्हणून परीक्षकांची सारी नजर पावलांवर असते. पात्याची कड बर्फात किती ठामपणे टेकली, दोघांमधले अंतर वाढले का, ताल सुटला का, हे ते पाहतात. गुण जाण्यासाठी पडावेच लागते असे नाही.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांची जोडी १९९७ मध्ये जमली, तेव्हा मेरिल दहा वर्षांच्या होत्या आणि चार्ली नऊ वर्षांचे. मेरिल यांना डिस्लेक्सिया होता. या अवस्थेत बुद्धी उत्तम असूनही वाचन अतिशय कष्टाचे होते. पुस्तकाशी अशी झुंज चालू असताना बर्फावरचा सराव मात्र कधी थांबला नाही.

२०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या वेळी स्पर्धेचा एक भाग लोकनृत्यावर आधारलेला होता. या जोडीने त्यासाठी हिंदी चित्रपटसंगीत निवडले. ‘देवदास’मधील, माधुरी दीक्षित आणि ऐश्वर्या राय यांच्या नृत्याने गाजलेले ‘डोला रे डोला’ त्यात होते; ‘कजरा रे’ही होते. केवळ गाणी लावून भागणार नव्हते. मिशिगनमधील एका भारतीय नृत्यशिक्षिकेकडून त्यांनी हातांच्या मुद्रा, मानेची लकब, नजरेचा भाव यांचे धडे घेतले. आपल्या नृत्यात पाय जमिनीवर आपटून ताल दिला जातो. घसरत्या पात्यावर ते कसे जमावे? तेव्हा तो ताल हातांनी आणि कमरेनेच पेलावा लागला. त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या नृत्यावर रचना करणाऱ्या रशियन जोडीवर त्या समाजाच्या नेत्यांनी कठोर टीका केली होती. दुसऱ्यांची कला उसनी घेणे इतके सोपे नसते. डेव्हिस-व्हाइट यांची रचना मात्र वाखाणली गेली. पहिल्या फेरीअखेर तिसरी असलेली ही जोडी त्या नृत्यानंतर दुसरी आली आणि शेवटी रौप्यपदक मिळाले.

सुवर्ण मिळाले ते कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर यांना. गंमत अशी, की हे प्रतिस्पर्धी मिशिगनमधील कँटन येथे त्याच प्रशिक्षकांकडे, त्याच बर्फावर सराव करीत. आपल्याला कोठे कमी पडते, हे कळण्यासाठी दूर जाण्याची गरजच नव्हती.

२०११ मध्ये डेव्हिस-व्हाइट विश्वविजेते झाले. या प्रकारात अमेरिकेला तो मान प्रथमच मिळाला. २०१४ मध्ये सोची येथे त्यांना १९५.५२ गुण मिळाले, तर व्हर्च्यू-मॉयर यांना १९०.९९. आइस डान्समधील अमेरिकेचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण. त्यानंतर ही जोडी स्पर्धेत उतरली नाही.

सरावामुळे मिशिगन विद्यापीठातील मेरिल यांचे शिक्षण मात्र रखडले होते. त्या पुन्हा अभ्यासाकडे वळल्या आणि २०२० मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, मानववंशशास्त्राच्या पदवीधर झाल्या.